चढावरचा पाढा

वसराम जाधवचं पत्र सहा वर्षं विश्वंभर सरांच्या कपाटात पडून होतं. मोटार यंत्रशास्त्राच्या एका जाड पुस्तकात, गिअरबॉक्सच्या आकृतीच्या पानावर. पत्र आलं त्या दिवशी उत्तर शोधायला सरांनी तेच पान उघडलं होतं. उत्तर सापडलं नाही, म्हणून पत्र तिथंच राहिलं. उद्या लिहू, म्हणाले. मग पेरणी होऊ दे, म्हणाले. मग कोरोना आला आणि सगळ्याच गोष्टींना एक सबब मिळाली. ती सबब संपली तरी पत्र काही पुस्तकाबाहेर आलं नाही.

वहीची दोन पानं होती. निळी शाई, अक्षर मोठं, ओळी खाली घसरत गेलेल्या.

‘सर, सादर प्रणाम. मी वसराम, सतरा सालच्या बॅचचा, खिडकीपाशी बसणारा. सर, औंढ्याच्या अलीकडं म्हसोबाच्या चढावर माझ्या हातून गाडी मागं आली. सोयाबीन भरलेलं होतं. तिसऱ्यात चढत होतो. गाडीनं दम सोडला म्हणून दुसरा टाकायला गेलो. तुमचा पाढा म्हणला. दुसरा लागला न्हाई. पुन्हा पहिल्यापासून म्हणला. तरी लागला न्हाई. तवर गाडी मागं चालली. माझा चुलतभाऊ योगेश चाकामागं लाकूड लावायला उतरला होता. त्याचा पाय गेला सर, गुडघ्याखालून. लोक विचारतात तुझं काय चुकलं. मला सांगता येत न्हाई. तुमाला कळंल. फोन करणार होतो, पण बोलताना मला रडू येतं. दोनच गोष्टी सांगा. माझं काय चुकलं? आन मी परत गाडीवर बसू का नको?’

खाली सेनगावकडच्या एका तांड्याचा पत्ता होता.

तो पाढा सरांचाच. जवळा बाजारात राहून औंढ्याच्या एका खासगी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये त्यांनी बावीस वर्षं थिअरी शिकवली. रोज सकाळच्या एसटीनं जायचं, फळ्यावर इंजिन काढायचं, संध्याकाळी परत. गाडी हातात देणारा माणूस वेगळा होता. तो मुलांना मैदानात आणि सपाट सडकेवर फिरवून आणायचा. डोंगराकडे कुणी जात नसे, कारण परीक्षा सपाटीवरच होती. सरांकडे मोटारीचं लायसन होतं, पण मोटार नव्हती. ट्रकच्या केबिनमध्ये ते उभ्या आयुष्यात दोनदा चढले होते, दोन्ही वेळा एसटीचा संप होता म्हणून, आणि दोन्ही वेळा डाव्या बाजूला बसले होते.

पण चालू गाडीचा गिअर वरून खाली कसा आणायचा हे त्यांना पुस्तकातून नीट ठाऊक होतं, आणि मुलांच्या डोक्यात ते बसावं म्हणून त्यांनी सात शब्द जुळवले होते. दाबा, काढा, सोडा, पळवा, दाबा, घाला, सोडा. क्लच दाबा, गिअर काढा, क्लच सोडा, इंजिन जरा पळवा, क्लच पुन्हा दाबा, खालचा गिअर घाला, क्लच सोडा. वर्गातली तीस पोरं टेबलाखाली पाय आपटत, हवेत हात हलवत ते म्हणायची. मध्ये कुणी अडखळला की सर डस्टर आपटायचे, “चुकलं! पहिल्यापासून!” आणि सगळा वर्ग पहिल्यापासून सुरू. हे डस्टर आपटणं हाच त्या अबोल माणसाचा एकमेव रुबाब होता.

गेल्या मार्चमध्ये सर निवृत्त झाले. निरोपाला जुनी-नवी चाळीसेक पोरं जमली. शाल, नारळ, फोटो झाले आणि मग मागून कुणीतरी ओरडलं, “सरांचा पाढा होऊ द्या!” चाळीस जणांनी पाय आपटत पाढा धरला. एक जण मुद्दाम चुकला. बाकीचे गरजले, “चुकलं! पहिल्यापासून!” स्कूलच्या मालकांना इतकं आवडलं की हा पाढा भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून घेतो, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं. सगळे हसत होते. सर शाल सावरत उभे होते. त्यांना खिडकीपाशी कुणीतरी बसल्यासारखं वाटलं. वळून पाहायचा धीर झाला नाही.

त्या दिवसापासून त्यांची झोप गेली. वसरामचा पाय चुकला असेल, तर तसं त्याला कळवायला हवं होतं; त्यानं विचारलं होतं. पाढा चुकला असेल, तर ते जास्तच कळवायला हवं होतं. दोन्ही उत्तरांची भीती सारखीच होती, आणि खरं उत्तर कोणतं ते माहीत नव्हतं. सरांचा संशय चौथ्या शब्दावर होता. ‘पळवा’ म्हणजे किती पळवा? पुस्तकात ‘आवश्यकतेनुसार’ एवढंच होतं आणि त्यांनीही वर्गात तेवढंच सांगितलं होतं. भरल्या गाडीला चढावर किती लागतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. न पाहता कागदावर काय लिहिणार?

“मी ट्रक शिकणार आहे,” जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले.

मंजुळाबाईंनी वाढता हात थांबवला. “काय म्हन्ले?”

“ट्रक. चढावर.”

“अहो, सायकलीवरून उतरायला तुमी खांब शोधता. आन ट्रक?” त्या हसायला लागल्या, मग नवऱ्याचा चेहरा पाहून थांबल्या. “त्या पोराच्या पत्रावरून?”

पत्र मंजुळाबाईंनीही सहा वर्षांपूर्वीच वाचलं होतं. पुस्तकं पुसताना.

“हं.”

“ब्लडप्रेशरची गोळी खाऊन बसत जा मग,” म्हणाल्या, आणि भाजी वाढली.

लर्निंग लायसनला डॉक्टरचा दाखला लागत होता. डॉक्टर फॉर्म पाहून म्हणाला, “काका, मुलाचं नाव इथं लिहायचं होतं.” सर म्हणाले, “माझंच आहे.” एवढं बोलायला त्यांना केवढा घाम फुटला. डोळे चांगले निघाले. तेही नापास झाले असते तर बरं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं होतं.

गाडी उत्तमसिंगची. जवळा बाजारातून सोयाबीन, कापूस भरून तो हिंगोलीपर्यंत, कधी पार नांदेडपर्यंत जायचा. जुनी सहाचाकी, स्वतःची. साठीला आलेला, मिशा रंगवणारा, अक्षराशी वैर असलेला माणूस. त्याचे विम्याचे, परमिटचे, फिटनेसचे सगळे फॉर्म बारा वर्षं सरच भरून देत आले होते, त्यामुळे तो नाही म्हणाला नाही. फक्त एवढं म्हणाला, “सर, ह्या वयात काहून पण?”

“शिकवलं खूप. एकदा करून पाहावं म्हटलं.”

उत्तमसिंगनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “चष्म्याला दोरी बांधा,” म्हणाला.

पहिले पंधरा दिवस कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मोकळ्या मैदानात रिकामी गाडी. सरांनी पाढा म्हणत तिसऱ्याचा दुसरा केला आणि दळणात खडा गेल्यासारखा आवाज आला.

“सर, तिचे दात पाडून राहिले तुमी.”

“चुकलं. पहिल्यापासून करतो.”

“करा की. मैदान हाय. इथं दिवसभर पयल्यापासून करा.”

उत्तमसिंगच्या शिकवण्यात शब्दच नव्हते. तो वेगाच्या काट्याकडे पाहू द्यायचा नाही. “कान लावा. तिचा आवाज बारीक झाला की जरा पळवायची, खालच्या गिअरच्या सुराला आनायची, आन मंग गिअर आपोआप जातो. ढकलायचा न्हाई. म्हशीला गोठ्यात ढकलता का? तिची तीच जाते.” सरांना म्हशीबद्दलही पुस्तकातलंच माहीत होतं. पण विसाव्या दिवशी एकदा गिअरचा दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत गेला आणि ते इतके दचकले की त्यांनी गाडी बंद पाडली. मग पुन्हा गेला. पुन्हा गेला. ‘पळवा’ म्हणजे किती, हे पायाला कळलं. रात्री त्यांनी वहीत लिहून ठेवलं: ‘चौथा शब्द अपुरा, पण चुकीचा नाही.’ आणि त्यांना हलकं वाटलं. वसरामनं रेस कमी दिली असणार. चूक त्याची, पण क्षम्य. असं पत्र लिहिता येण्यासारखं होतं.

तरी लिहिलं नाही. मैदान म्हणजे चढ नव्हे, एवढं त्यांना समजत होतं.

मग एका सकाळी, ऊन नुकतं वर आलेलं असताना, उत्तमसिंगनं नऊ टन सोयाबीन भरलेली गाडी म्हसोबाच्या चढाच्या पायथ्याशी आणून उभी केली. हा चढ फार मोठा नाही. तीन वळणं आहेत. दुसऱ्या वळणावर शेंदूर लावलेला धोंडा आहे, तिथं ड्रायव्हर लोक हॉर्न देऊन जातात. सर एसटीत बसून बावीस वर्षं हा चढ रोज चढले होते आणि बहुतेक वेळा त्यांच्या हातात पुस्तक असायचं. आज पहिल्यांदा तो त्यांना समोरून दिसला. सडक भिंतीला टेकून ठेवलेल्या फळीसारखी उभी होती.

दोघांनी जागा बदलल्या. सरांचे तळवे ओले झाले होते. ते त्यांनी धोतराला नव्हे, आज मुद्दाम घातलेल्या पँटला पुसले.

“पायथ्यालाच दुसरा टाका आन तसेच वर चला,” उत्तमसिंग म्हणाला. “तिसऱ्याचं नावच नका काढू.”

“मला तिसऱ्यातच जायचंय.”

“काय?”

“तिसऱ्यात चढायचं, आणि चढावर दुसरा टाकायचा. भरल्या गाडीला.”

“असं मुद्दाम कोन मरतं सर?”

मग सरांना सांगावंच लागलं. पत्र, पाढा, योगेशचा पाय. समोरच्या काचेकडे बघत, तुटक तुटक. 

“तो वसराम व्हय,” उत्तमसिंग म्हणाला. “नावानं न्हाई ओळखत मी, पन गोष्ट ठावकी हाय. लाइनीवर सगळे ड्रायव्हर म्हनत व्हते, पोरगं झोपलं व्हतं.”

“झोपला नव्हता.”

“मंग?”

“तेच बघायचंय. तो काय करत होता.”

उत्तमसिंगनं खिडकीतून डोकं बाहेर काढून मागची सडक पाहिली. खाली उतरला, दोन्ही बाजूंनी चालत गेला, परत आला. “मागं कोनी न्हाई. पयल्या वळनाच्या आतच करायचं, वर न्हाई. माझा हात हँडब्रेकवर राहील. आन एक. तुमच्या पोरापायी माझं सोयाबीन सडकेवर सांडलं तर पुढच्या साली फॉर्म कोन भरून देईन?”

“माझा पोरगा नाही तो.”

“विद्यार्थी म्हन्जे काय वेगळा असतो का?”

सर निघाले. पहिला, दुसरा, तिसरा. सपाटीवर गाडी मोठ्या डौलानं गेली, आणि मग कुणीतरी मागून दोर धरून ओढल्यासारखी जड झाली. आवाज बारीक होत गेला. मैदानात आवाज बारीक व्हायला वेळ लागायचा. विचार करायला, पाय ठेवायला वेळ मिळायचा. इथं एका श्वासात गाडीचा दम निघून गेला. सरांचे ओठ हलायला लागले. दाबा. काढा. सोडा. पळवा. दाबा. घाला—

खर्रर्र झालं आणि दांड्यानं हाताला झटका दिला. आत गेला नाही.

पुढचं सगळं फार हळू घडल्यासारखं त्यांना वाटलं. गाडी थांबली. ना वर, ना खाली, अशी जरा वेळ नुसती लटकून राहिली. खिडकीबाहेर एक बाभूळ होती. ती बाभूळ जागची हलली आणि हळूच पुढे निघाली. बाभूळ पुढे कशी जाईल, असा विचार सरांच्या मनात आला, आणि त्याच वेळी त्यांच्या तोंडून स्पष्ट शब्द निघाले, “चुकलं. पहिल्यापासून.”

डावा पाय क्लचवर गेला. दाबा. काढा. सोडा. उजवा पाय रेसवर. पळवा. इंजिन मोकाट ओरडलं आणि गाडी आणखी मागे गेली.

“ब्रेक! सर, ब्रेक!”

तो शब्द त्यांना ऐकू आला. कळलाही. बावीस वर्षं त्यांनी ब्रेकच्या आकृत्या काढल्या होत्या. पण ते पाढ्याच्या मधोमध होते आणि पाढ्यात त्या शब्दाला जागा नव्हती. दाबा, त्यांचे ओठ म्हणाले. घाला. पुन्हा खर्रर्र.

उत्तमसिंगनं हँडब्रेक खसकन ओढला. पोती मागे एकमेकांवर आदळली. गाडी तिरकी होऊन थांबली.

मग उत्तमसिंग अगदी हळू म्हणाला, “पाय काढा सर. रेसवरच हाय अजून.”

सरांनी खाली पाहिलं. पाय त्यांचाच होता. तो काढावा लागला, दुसऱ्याच्या घरातली वस्तू उचलावी तसा.

उत्तमसिंगनं त्यांना ब्रेक दाबून बसायला सांगितलं, उतरून चाकांमागे धोंडे लावले आणि परत येऊन बसला. “दुसऱ्या कोनाला आतापर्यंत चार शिव्या घातल्या असत्या. तुमी सर हाय म्हनून गिळल्या. पोटात दुखून राहिलं माझ्या.”

“दे शिव्या.”

“जाऊ द्या.” त्यानं तंबाखूची डबी काढली. “चढावर गिअर चुकला ना, तर पयलं काम ब्रेक. गाडी उभी करा. मंग शिव्या द्या, मंग देवाचं नाव घ्या, आन मंग पयल्या गिअरपासून निघा. गाडी चालती असताना दुसऱ्यांदा गिअर शोधायचा न्हाई. हे आमाला कोनी शिकवत न्हाई. आमच्या उस्तादानं एकदा कानफाटात मारली, तवा कळलं.”

“मला ब्रेक माहीत होता,” सर म्हणाले. “मला सगळं माहीत होतं. पत्र वाचलेलं होतं. गाडी मागे येणार हेही माहीत होतं. तरी मी…”

“माहीत सगळ्याइलाच असतं सर.”

“त्यानं रेस कमी दिली नव्हती. मी सांगितलं होतं तसं केलं त्यानं. चुकलं की पहिल्यापासून. मी डस्टर आपटायचो.”

उत्तमसिंगनं तंबाखू मळून तोंडात टाकली. त्याला सरांचं समाधान करायचं नव्हतं, तो तसा माणूसच नव्हता. “पोराचीबी चूक हाय की. भरली गाडी घेऊन तिसऱ्यात चढ धरला. पायथ्यालाच दुसरा टाकायचा व्हता.”

“पायथ्याला काय करायचं ते त्याला कोण सांगणार होतं?”

उत्तमसिंगनं खिडकीबाहेर हात काढून बोटं झटकली.

सरांना घरी जायचं होतं. अंथरुणात तोंड घालून पडायचं होतं. पण आता उतरले तर पुन्हा कधी चढणार नाहीत, एवढं ते स्वतःला चांगलं ओळखत होते. सहा वर्षांचा अनुभव होता. “पुन्हा एकदा,” ते म्हणाले. “तू सांगतोस तसं.”

उत्तमसिंगनं धोंडे काढून गाडी पायथ्याला मागे नेली. या वेळी सर दुसऱ्यात निघाले, सुरुवातीपासून. गाडी कण्हत, पण न थांबता पहिलं वळण चढली. शेंदराच्या धोंड्यापाशी उत्तमसिंगनं हात लांबवून हॉर्न दाबला. तिसऱ्या वळणावर चढ आणखी उभा झाला आणि दुसराही पुरेना. पहिला टाकायला हवा होता. त्यांनी दांडा ओढला, ढकलला, खर्रर्र. लागला नाही. तोंड उघडलं. “चु—” एवढं निघालं, आणि उजवा पाय उचलला गेला. तो कुठं जातोय हे त्यांना क्षणभर ठाऊक नव्हतं. तो ब्रेकवर पडला.

गाडी हातभर मागे सरकून थांबली. इंजिन बंद पडलं.

“उशीर केला,” उत्तमसिंग म्हणाला. “पन केला.”

मागून एसटीचा हॉर्न वाजला. मग थांबेचना. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. “ओ आजोबा! घरी नातवंडं सांभाळा की! सडक काय बापाची हाय का?”

“मागचा एल दिसत न्हाई का तुला?” उत्तमसिंग डाव्या खिडकीतून ओरडला. “लर्निंग हाय! तू काय आईच्या पोटातून शिकून आलता?”

“साठ वर्षांचं लर्निंग!” एसटीतले लोक हसले. त्यांतले निम्मे सरांना ओळखत असणार. एरवी या हसण्यानं ते महिनाभर घराबाहेर पडले नसते. आत्ता त्यांना फक्त एकच दिसत होतं, आरशात, आपल्या मागच्या चाकापासून दहा हातांवर एक भरलेली एसटी.

हँडब्रेक ओढलेला. इंजिन पुन्हा चालू. पहिला गिअर. क्लच थोडा थोडा सोडायचा. गाडी पुढे झुकली की हँडब्रेक उतरवायचा. झुकली का? सरांना नक्की सांगता येईना. अजून जरा सोडला. केबिन थरथरली, सगळी गाडी दोरीला ताणून उभ्या असलेल्या बैलासारखी झाली. “आता,” उत्तमसिंग म्हणाला. सरांनी हँडब्रेकची दांडी खाली केली. बाभळी मागे जायला लागल्या, जाव्यात त्या बाजूला.

वर सपाटीला गाडी लावली तेव्हा उत्तमसिंगला त्यांना हात देऊन उतरवावं लागलं. रस्त्याकडेला बसून ते पाणी प्यायले. अर्धं शर्टावर सांडलं.

“तांडा काय फार लांब न्हाई,” उत्तमसिंग म्हणाला. “माल उतरवला की हिंगोलीवरून चलू. समोरासमोर सांगून टाका.”

सर एकदम घाबरले. “नको, नको. त्यानं कागदावर विचारलंय.”

त्या दिवशी दुपारी त्यांनी स्कूलच्या मालकांना फोन केला. फोन उचलून नंबर लावायलाच पाऊण तास गेला. भिंतीवरचा पाढा पुसा, म्हणाले. मालक हसले. “सर, पेंटरनं परवाच संपवलं. झकास दिसून राहिलं.” सरांनी चढाचं सगळं सांगितलं. “बघू सर,” मालक म्हणाले. सर म्हणाले, “बघू नाही. मी उद्या येतो आणि चुना लावतो.” फोन ठेवल्यावर आपण असं बोललो याची त्यांना लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी एसटीनं गेले, आणि पेंटरला समोर बसवून दोन ओळी घालून आले: पहिल्या शब्दाच्या वर ‘भरली गाडी पायथ्यालाच दुसऱ्यात’ आणि शेवटच्या शब्दाच्या खाली ‘चुकलं की आधी ब्रेक’.

पत्र मात्र चार दिवस झालं नाही. पहिलं चार पानांचं झालं, आकृतीसकट. उतारावरचं गुरुत्वाकर्षण, दातेरी चाकांचा वेग, सगळं. मंजुळाबाईंनी चष्मा लावून दोन पानं वाचली. “हा पेपर सोडवला का? मार्क कोन देनार?” ते फाडलं. दुसऱ्यात स्वतःला इतकी दूषणं दिली की वसरामलाच सरांचं सांत्वन करावं लागलं असतं. तेही फाडलं. तिसरं लिहिताना मंजुळाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मी म्हन्ते, लिहा. पन तांड्यावरची मान्सं उद्या दारात येऊन उभी राहिली तर? त्या पोराच्या भावाचा पाय गेला हाय.”

“येतील तर येतील.”

“तुमी मागच्या दारानं लायब्ररीत जाल.”

“नाही जाणार,” सर म्हणाले. त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. पण लिहीत राहिले.

‘चि. वसराम, अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला सहा वर्षं लागली. मला उत्तर माहीत नव्हतं आणि भीती वाटत होती. दुसरं कारण नाही.

मी मागच्या आठवड्यात त्याच चढावर भरली गाडी तिसऱ्यात घातली आणि दुसरा टाकायला गेलो. तो लागला नाही. मी तुझ्यासारखाच पहिल्यापासून पाढा म्हटला आणि गाडी मागे आली. शेजारी जाणता ड्रायव्हर होता म्हणून थांबली. तुझ्या शेजारी तसं कुणी नव्हतं.

तू विचारलंस काय चुकलं. भरल्या गाडीला पायथ्यालाच दुसरा टाकायचा असतो; तो तू टाकला नाहीस, कारण तुला कुणी सांगितलं नव्हतं. गिअर चुकला की आधी ब्रेक दाबून गाडी उभी करायची असते. ते तू केलं नाहीस, कारण मी उलटं शिकवलं होतं. तू झोपला नव्हतास. तू माझं ऐकलंस.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. परत गाडीवर बसायचं की नाही हे तुझं तू ठरव. पण मला जमत नाही, असं वाटून बसत नसशील, तर ते खरं नाही. जवळा बाजारचा उत्तमसिंग म्हणतो की त्याची गाडी तुला चढावर सरावाला मिळेल. मीही शिकतो आहे, मला अजून पहिला लागत नाही.

हे पत्र योगेशला वाचून दाखव. त्याला मला काही बोलायचं असेल तर मी घरीच असतो.’

खाली सही केली. पत्ता वहीच्या पानावरून अक्षर अक्षर पाहून उतरवला. पिन कोड तीनदा तपासला. सहा वर्षांत तो तांड्यावर राहिला असेल का, कामाला दुसरीकडे गेला असेल का, पोस्टमन ओळखेल का, असे सगळे प्रश्न त्यांनी पोस्टापर्यंतच्या वाटेवर स्वतःला विचारले. दोनदा मागे वळले. दुसऱ्यांदा तर पानपट्टीपर्यंत आले होते.

पोस्टात खिडकीवर सपना नावाची मुलगी होती. तिनं पाकीट हातात घेऊन वजनावर ठेवलं.

“सर, स्पीड पोस्ट करू का? कुठं पोचलं ते मोबाइलवर दिसतं.”

पोचलं की नाही ते दिसणार. मग रोज तेच बघत बसणार.

“नको,” ते म्हणाले. “साधंच.”

तिनं तिकीट फाडून दिलं. सरांनी ते ओल्या बोटानं चिकटवलं, कडा अंगठ्यानं दाबल्या, आणखी एकदा दाबल्या. सपनानं हात पुढे केला होता. मागे रांगेत दोन जण उभे होते.

“सर, द्या ना. गाडी येईन आता टपालाची.”

सरांनी पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं त्यावर शिक्का मारला आणि मागच्या पिशवीत टाकलं.